मोजमापाला न दिसलेले संप्रेरक

निरोगी बाईच्या रक्तात एलएच (ल्युटिनायझिंग हॉर्मोन) हे संप्रेरक सापडूच नये, हे शरीरशास्त्राच्या कोणत्याही पाठात बसत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून हे संप्रेरक सुटते. स्त्रीच्या शरीरात त्याची उसळी आली की बीजांड अंडाशयाबाहेर पडते. पुरुषात ते वृषणांकडून टेस्टोस्टेरॉन तयार करवून घेते. ते नाही म्हणजे वंशच खुंटला. तरीही १९९२ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी अशा एका निरोगी स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली.

एलएच तिच्या रक्तात होतेच. चाचणीतल्या प्रतिपिंडाला ते ओळखता आले नव्हते, एवढेच. पुढे जनुक तपासले तेव्हा उलगडा झाला. संप्रेरकाच्या बीटा साखळीत आठव्या जागी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन आणि पंधराव्या जागी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन आलेले असते. या अदलाबदलीमुळे प्रथिनाला शर्करेची एक जादा शाखा जोडली जाते. असे एलएच प्रयोगशाळेत अधिक जोमाने काम करताना दिसते, पण रक्तातून लवकर नाहीसे होते.

मग देशोदेशींचे नमुने तपासले गेले. फिनलंडमध्ये हा प्रकार चारांतल्या किमान एकाकडे निघाला, उत्तरेकडच्या सामी लोकांत त्याहून जास्त, ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींत निम्म्यांच्या आसपास. आणि आपल्या निलगिरीतल्या कोता लोकांच्या नमुन्यांत तो एकाकडेही नव्हता.

असे आकडे समोर आले की मन लगेच कारणे रचू लागते: थंडी, आहार, निसर्गाची निवड. पण कोता हा अगदी लहान समाज आहे आणि लग्ने आपापसांत होतात. अशा समाजात एखादा जनुकप्रकार काही पिढ्यांत निव्वळ योगायोगानेही पुसला जातो किंवा बोकाळतो. शिवाय जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते की माणसामाणसांतल्या जनुकीय वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग प्रत्येक समाजाच्या आतच सापडतो. समाजाचे नाव फार तर शक्यता सांगते. समोर बसलेल्या व्यक्तीच्या रक्तात काय आहे, ते सांगत नाही.

फरकाला चांगले-वाईट ठरवतानाही हात आखडता घ्यावा लागतो. २०२० मध्ये जनुकशास्त्रज्ञ ह्युगो झेबर्ग, स्वांते पेबो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की युरोपातल्या जवळपास एकतृतीयांश स्त्रियांकडे गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या ग्राहकाचा निअँडरथलांकडून आलेला प्रकार आहे. ब्रिटनमधल्या माहितीनुसार अशा स्त्रियांत गर्भपात कमी आढळतात आणि त्यांना भावंडेही अधिक असतात. याच प्रकाराचा संबंध आधी अकाली प्रसूतीशी जोडला गेला होता. एरवी सुरुवातीलाच गळून गेला असता असा गर्भ तग धरत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तेव्हा याला दोष म्हणायचे की देणगी?

लोकसमूहांतला फरक शोधायला निघालेल्याने आधी आपले मोजमाप तपासावे, असे मला वाटते. रक्ततपासणीच्या अहवालात ‘सामान्य मर्यादा’ असा एक रकाना असतो. त्यातले आकडे कोणा माणसांच्या रक्तावरून आणि कुठल्या तरी प्रतिपिंडाच्या नजरेने ठरलेले असतात. ती माणसे कोण होती, हे रकान्यात लिहिलेले नसते. त्या फिनिश स्त्रीच्या प्रकृतीवर विश्वास ठेवून शंका चाचणीवर घेतली गेली, म्हणूनच हा शोध लागला. अहवाल आणि माणूस यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा संशयाची पहिली पाळी अहवालाची असावी.