नाव कुणाचं घातलंय?

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या पुढे सोनगीर लागतं. टेकडीवरचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी, ही गावाची ओळख. लहानपणी भांड्यांवर नाव घालणाऱ्यासमोर उकिडवं बसून मी तास तास बघत असे. हंड्याच्या काठावर एकेक टिंब उठायचं आणि त्यातून अक्षरं जुळायची. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, लग्नाची तारीख. पत्रा ठोकून ज्याने तो हंडा घडवला, त्याचं नाव मात्र कुठेच नसायचं. तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

खटकण्याची सुरुवात कॉलेजात झाली, तीही फार उशिरा लक्षात आली. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत आमच्या संघाकडून एक पोरगा चढाया करत होता, जो आमच्या कॉलेजात शिकतच नव्हता. प्रवेशिका दुसऱ्याची, नाव दुसऱ्याचं, पाय तेवढे ह्याचे. दोन सामने निघाले. तिसऱ्यात समोरच्या कर्णधाराने प्रवेशिका मागून घेतली आणि फोटोवर बोट ठेवलं. फोटोतल्या मुलाच्या कानात बाळी होती. ह्याचा कान कधी टोचलाच नव्हता. संघ बाद झाला. ह्याच्यावर आणि नाव उसनं देणाऱ्यावर बंदी आली. मैदानाबाहेर चपला शोधता शोधता तो एवढंच म्हणाला, "माले ते सरनीच सांगं." सर पुढच्या वर्षी नवा संघ घेऊन त्याच मैदानावर हजर होते.

माझा तेव्हाचा हिशेब सरळ होता. ज्याने केलं, त्याने भरलं. खेळातली लबाडी म्हणजे खेळाडूची लबाडी, आणि शिक्षा म्हणजे तिचा दाम.

या हिशेबाला पहिला तडा खाशाबा जाधवांमुळे गेला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आलेला हा मल्ल १९५२च्या निवडीत एका गुणाने मागे पडला. तो गुण आपल्याला मुद्दाम कमी दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी ती जिंकली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला तिच्यात दुसरंच दिसू लागलं. गुण कापणाऱ्या हातांचं पुढे काय झालं, हे गोष्ट सांगणारा कुणीच सांगत नाही. लबाडी शिट्टीच्या बाजूनेही होऊ शकते, आणि त्या बाजूला बंदीचा कागद सहसा जात नाही.

मग अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांबद्दल वाचलं. तिथे विद्यापीठांच्या सामन्यांत अब्जावधी डॉलरांची उलाढाल चालते आणि शिस्तीसाठी एनसीएए नावाची संघटना आहे. फुटबॉलपटू रेजी बुश याने विद्यार्थी असताना बाहेरच्यांकडून पैसे आणि सोयी घेतल्याचं उघड झालं. २०१०मध्ये त्याला कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मानाचा हाइझमन करंडक सोडावा लागला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर अठरा वर्षं नावापुरते वर्ग चालले होते. ३,१००हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा होता. २०१७मध्ये संघटनेने विद्यापीठाला त्याबद्दल शिक्षा केली नाही. कारण काय, तर ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते! बास्केटबॉल प्रशिक्षक जेरी टार्केनियन यांचा जुना टोमणा असा, की संघटना बड्या केंटकीवर इतकी चिडली आहे की आता छोट्या क्लीव्हलँड स्टेटची शिक्षा वाढवणार. आपल्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात. २०२१पासून तिथल्या विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि २०२४मध्ये बुशला करंडक परत मिळाला. म्हणजे काल ज्याला पाप म्हटलं, तो आज करार झाला. मग माझा प्रश्न बदलला. शिक्षा कुणाला झाली, याच्या आधी विचारायला हवं की नियम कुणाच्या सोयीचा होता.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून दिलं असतं; पण लबाडी घरीच निघाली. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. हेतू चांगला होता, पण त्यामुळे क्रीडा प्रमाणपत्राची किंमत पदकाहून वाढली. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांत ज्यांनी कधी उडीही मारली नसेल, अशांच्या हाती प्रमाणपत्रं आली. चौकशा झाल्या आणि त्या पोलीस खात्यातल्या अधिकाऱ्यापर्यंतही पोचल्या. २०२२मध्ये बोगस प्रमाणपत्र आपणहून परत करण्याची मुभा क्रीडा आयुक्तालयाने दिली. त्या कागदाचा विचार करताना मला हंडा आठवला. प्रमाणपत्रावर मधोमध, ठळक अक्षरांत नाव असतं खेळाडूचं. खाली कोपऱ्यात असते न वाचता येणारी सही.

उत्तेजकांचंही तसंच. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा जगभरचा नियम आहे आणि तो लागतोच. नाहीतर प्रत्येक जण "मला माहीत नव्हतं" म्हणेल. पण सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणी पथक आल्याचं कळताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला, आणि स्टेडियमच्या स्वच्छतागृहात सिरिंजा सापडल्या. पळालेली पोरं साऱ्या देशाने पाहिली. सिरिंज आणून देणारे कोण, हा प्रश्न तिथेच पडून राहिला.

फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादी गटाच्या अंतिम लढतीत पंचांनी शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळकडून चीतपट ठरवलं. पाठ टेकलीच नाही, असं राक्षेचं म्हणणं. संतापून त्याने पंचाला लाथ मारली. तीन वर्षांचं निलंबन झालं. पुढे चौकशीत निर्णय चुकल्याचं निघालं आणि पंचालाही तीन वर्षं बाहेर बसवलं. मला आधी वाटलं, अखेर काटा मधोमध आला! मग लक्षात आलं, निकाल होता तिथेच राहिला. दोघांना समान वर्षं मिळाली, पण पैलवानाची तीन वर्षं म्हणजे उमेदीचा काळ, अंगातला जोर ओसरण्याआधीचा. वर्षं सारखी असली म्हणून शिक्षा सारखी होत नाही.

आज त्या कबड्डीकडे पाहताना मी त्या पोराला निर्दोष म्हणत नाही. दुसऱ्याच्या नावाने खेळतोय हे त्याला माहीत होतं. त्याला झालेली शिक्षा फार मोठी नव्हती. ती एकटी होती, एवढंच माझं म्हणणं. त्या प्रवेशिकेवर तीन सह्या होत्या: खेळाडूची, क्रीडा शिक्षकांची, प्राचार्यांची. फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा कॉलेजचा गोल शिक्काही होता. समोरच्या कर्णधाराने बोट ठेवलं ते कानावर. आम्ही सगळे वाकून तो कानच बघत होतो. तेच बोट दोन इंच खाली सरकवून "ही सही कुणाची?" असं विचारायचं मलाही सुचलं नाही.