अठरा नखे

रात्री नखे कापायची नाहीत, असा आमच्या घरात माझ्या आईच्या वेळेपासूनचा दंडक आहे. लहानपणी मी त्याला अंधश्रद्धा म्हणून हसत असे. पुढे थोडी अक्कल आल्यावर वाटू लागले, की कंदिलाच्या उजेडात बोटाला इजा होऊ नये, एवढीच त्यामागे काळजी असावी. हा दंडक मी उभ्या आयुष्यात एकदाच मोडला, तो गेल्या महिन्यात. आणि तोही स्वतःच्या नखांसाठी नव्हे.

माझ्या नातीने एक हॅमस्टर पाळला आहे. उंदरासारखा दिसणारा, मुठीत मावेल एवढा, बेसनलाडवाच्या रंगाचा हा प्राणी; म्हणून त्याचे नाव लाडू. दिवसभर तो भुशात मुटकुळे करून झोपतो आणि घर निजायला लागले की ह्याचा दिवस उगवतो. गालांतल्या पिशव्यांत दाणे कोंबायचे, ते कोपऱ्यात नेऊन साठवायचे आणि मग पिंजऱ्यातले चाक गरगरा फिरवायचे, हा त्याचा नित्यक्रम. एका रात्री चाकाचा आवाज आला नाही. जाऊन पाहतो तो त्याचे नख फडक्याच्या धाग्यात अडकलेले, आणि तो पाय ओढून ओढून दमलेला. धागा कापून त्याला सोडवला तेव्हा कळले, की त्याची सगळीच नखे वाढून कोयत्यासारखी वाकली आहेत.

"आजोबा, रानात ह्यांची नखं कोण कापतं?" नातीने विचारले.

मी म्हणालो, "जमीन कापते." हॅमस्टर हा बिळे करणारा जीव. कठीण माती उकरता उकरता त्याची नखे आपोआप झिजतात. आमच्या पिंजऱ्यात झिजायला होते काय? मऊ भुसा आणि गुळगुळीत प्लास्टिक! ह्या सोनेरी हॅमस्टरांचे मूळ घर सिरियातले. 1930 साली आहरोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या शेतातले एक बीळ खणून तिथे सापडलेल्या एका मादीची पिल्ले जेरुसलेमला आणली. आज घरोघरी दिसणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच एका कुटुंबाचे वंशज मानले जातात. म्हणजे शंभर वर्षे होत आली, तरी ह्यांच्या नखांना त्या मातीची सवय अजून सुटलेली नाही.

पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्यांना पाच-पाच, अशी ही अठरा नखे. दिवसा झोपेतून ओढून काढले तर लाडू बिथरतो, म्हणून रात्रच निवडावी लागली. सुनेने त्याला छोट्या टॉवेलात गुंडाळून धरले, नातीने बॅटरी धरली आणि मी चष्मा पुसून नेलकटर हातात घेतला. नखाच्या आत गुलाबी रेघ दिसते, ती रक्तवाहिनी. तिच्या अलीकडचे टोकच तेवढे उडवायचे. पहिली पाच नखे ठीक गेली. सहाव्याला त्याने पाय झटकला, आणि पांढऱ्या टॉवेलावर रक्ताचा ठिपका उमटला. सुनेने धावत जाऊन कॉर्नफ्लोअर आणले, ते चिमटीने दाबून धरल्यावर रक्त थांबले. ठिपका तो केवढा! पण नात माझ्याकडे अशी पाहू लागली, की मला मान वर करवेना. उरलेली नखे दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी कापली.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याच्या भल्यासाठी आपण त्याला दुखवतो, त्याला ते भले कधी कळणारच नसेल, तर दुखवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आई माझे नाक दाबून मला एरंडेल पाजत असे, तेव्हा मी तिला वैरीण समजत होतो. पण मोठा झाल्यावर मला उमजले आणि तिचा हिशेब पुरा झाला. तिच्या अखेरच्या वर्षात तिची स्मृती गेली होती. मी तिची नखे कापायला बसलो की ती मूठ घट्ट आवळून घेई. एकदा माझ्याकडे टक लावून म्हणाली, "तू कोणाचा रे?" मी काही न बोलता एकेक बोट सोडवून नखे कापली. तिला ते पुढे कधी उमजणार नव्हते. पण न कापली तर ती स्वतःलाच ओरबाडून घेत होती. मला वाटते, अशा वेळी अधिकाराचा प्रश्न बाजूला ठेवून माणसाने फक्त हात हलका ठेवावा.

मग लाडूच्या बाबतीत एवढे का खुपावे? विचार करता करता उत्तर सापडले. आईचे म्हातारपण मी आणले नव्हते. लाडूची नखे मात्र आमच्या पिंजऱ्याने वाढवली होती. त्याची माती आम्ही काढून घेतली, आणि मग ती नसल्यामुळे जे झाले त्यावर कातरी घेऊन धावलो, वर स्वतःला दयाळू म्हणवून घेतले! मुलांना मैदान द्यायचे नाही आणि ती घरात धिंगाणा घालतात म्हणून त्यांना दटावायचे, ह्यातलाच हा प्रकार. जिथे दुखवण्याची गरज आपणच निर्माण केलेली असते, तिथे हलक्या हाताने भागत नाही. ती गरजच कमी करण्याचे ऋण आपल्यावर उरते.

दुसऱ्या रात्री लाडूने माझ्या बोटांतून सूर्यफुलाची बी घेतली. "बघा, त्याने तुम्हाला माफ केलं," नात म्हणाली. मला तसे मानायला फार आवडले असते. पण त्याला भूक लागली होती, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. क्षमा गृहीत धरली की ऋण विसरायला सोपे जाते.

यंदा किल्ल्यासाठी माती आणली तेव्हा नातीने त्यातली थोडी बाजूला काढली. आम्ही ती चाळली, कडक उन्हात तापवली आणि एका पसरट कुंडीत घालून पिंजऱ्यात ठेवली. चाकाखाली फरशीचा एक खडबडीत तुकडाही बसवला. एवढ्याने अलेप्पोचे शेत होत नाही, हे मला कळते. कदाचित पुन्हा नेलकटर काढावाही लागेल. म्हणून दर रविवारी सकाळच्या उजेडात मी त्याचे पाय न्याहाळतो.

काल रात्री चाकाचा आवाज पुन्हा थांबला. मी घाबरून उठलो. अंधारात कान देऊन ऐकले, तर लाडू कुंडीतली माती उकरत होता.