लस रोखीची, पत उसनी

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातला देवगोईचा घाट चढून मोलगीला यावं आणि बाजाराच्या दिवशी तराजूजवळ थोडं उभं राहावं. पाड्यावरून चालत आलेली बाई डोक्यावरची पाटी व्यापाऱ्यासमोर उतरवते. मोसमाप्रमाणे पाटीत भगर असते, मोह असतो, वाळवलेल्या कैरीच्या फोडी असतात. माल पारड्यात पडतो तेव्हा बाई काही बोलत नाही, काट्याकडे बघत राहते. व्यापारी नवा असेल तर काटा थांबेपर्यंत तिची नजर हलत नाही. पण ज्याने अडल्या दिवसांत मीठ-तेल उधार दिलं आणि वजनात कधी खोट काढली नाही, त्याच्या दुकानात ती पाटी ठेवते आणि लेकराला पाणी पाजायला निघून जाते. वजन तिच्या माघारी होतं.

तिच्या त्या पाठ फिरवण्याला मराठीत पत म्हणतात.

हा शब्द आपण पतपेढ्यांच्या पाट्यांवर नेऊन ठेवला, पण त्याचा अर्थ बाजारातच शिकावा. मोजायची सोय असूनही मोजावंसं न वाटणं, ही पत. पुष्कळ वेळा माप बरोबर निघालं म्हणजे ती कणाकणाने साठते आणि ज्याची त्याच्यापाशीच राहते. एकाची पत दुसऱ्याला वापरता येते, पण उसनी. आणि उसनं घेतलेलं फेडावं लागतं. एवढं ध्यानात ठेवलं की २०२१ साली कोविडच्या लसीचं सातपुड्यात काय झालं, ते उलगडत जातं. लस सरकारने पैसे मोजून घेतली. ती दंडात टोचण्यासाठी लागणारी पत मात्र त्याच्यापाशी पुरेशी नव्हती. ती उसनी आणावी लागली.

आधी रोखीचा व्यवहार पाहू. ३ जानेवारी २०२१ ला कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन लसींना आणीबाणीची परवानगी मिळाली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा हाती आलेले नव्हते. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की महाराष्ट्रात तीन दिवस पुरेल एवढीच लस उरली आहे. केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी उत्तर दिलं की राज्यं आपलं अपयश झाकायला घबराट पसरवत आहेत. लस किती वाया गेली यावरही दोघांचे आकडे जुळेनात.

मग १ मेपासून नवं धोरण आलं. निम्मी लस केंद्र घेणार, उरलेल्या निम्म्याची वाटणी राज्यं आणि खासगी रुग्णालयं यांच्यात. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट तयार करत असलेल्या त्याच कोविशील्डचा भाव केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४०० आणि खासगी रुग्णालयांना ६०० असा जाहीर झाला. ओरड झाल्यावर आठवडाभरात राज्यांचा भाव ३०० वर आला. कोव्हॅक्सिनचा भाव राज्यांसाठी ६०० चा ४०० झाला. २८ एप्रिलला महाराष्ट्राने १८ ते ४४ वयाच्या ५ कोटी ७१ लाख लोकांना मोफत लस द्यायचं ठरवलं. त्यासाठी १२ कोटी डोस आणि सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये लागतील असा अंदाज होता. पैसे द्यायची तयारी होती, पण बाजारात मालच नव्हता. १२ मे रोजी या वयोगटाचं लसीकरण राज्याला थांबवावं लागलं. मुंबई महापालिकेने एक कोटी डोससाठी जागतिक निविदा काढली, तिच्यातूनही लस आली नाही.

३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटाला सशुल्क लस देण्याचं केंद्राचं धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवलं. त्याच आदेशात न्यायालयाने केंद्राकडे एक साधी गोष्ट मागितली: आजवर लसीची मागणी कोणत्या तारखेला नोंदवली, किती नोंदवली, माल कधी मिळणार आहे, ते सगळं मांडा. अर्थसंकल्पात ठेवलेल्या ३५ हजार कोटींचा खर्च कसा झाला, तेही सांगा. मोलगीच्या बाजारातली बाई काटा बघते, तसंच हे बघणं होतं. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदललं आणि २१ जूनपासून राज्यांच्या वाट्याची खरेदीही केंद्राकडे आली.

इथे कोणी म्हणेल, दिल्लीतल्या निविदांचा आणि मोलगीच्या वरच्या पाड्यांचा काय संबंध? तिथल्या माणसाला १५० आणि ४०० मधला फरक कुठे ठाऊक होता? भाव ठाऊक नसेल, पण त्या व्यवहाराची प्रत्येक लाट त्याच्या अंगणापर्यंत आली. ती कशी आली, ते पाहण्यासारखं आहे.

कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं. मार्चमध्ये ते सहा ते आठ झालं आणि १३ मेला बारा ते सोळा. वाढीव अंतराने लस चांगलं काम करते याला परदेशातल्या अभ्यासाचा आधार होता. पण निर्णय आला ऐन टंचाईत, राज्याने तरुणांचं लसीकरण थांबवल्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या महिन्यात आशाताई, म्हणजे पाड्यावरची आरोग्य स्वयंसेविका, ज्या घरी सांगून आली होती की दीड महिन्याने पुन्हा यायचं, त्याच घरी तिला आता वेगळं सांगावं लागलं. ऐकणाऱ्याच्या मनात आलं असेल की माल संपला म्हणून तारीख पुढे ढकलली, तर त्याला दोष कसा द्यावा? माप चालू असताना वजन बदललं की बघणारा दचकतोच. शिवाय या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत किंवा घाटाखाली दूर जातात. चार महिन्यांनंतरची तारीख अशा घराला देणं म्हणजे पत्ता नसलेलं पत्र टाकणं.

दुसरी लाट कुपीतून आली. कोविशील्डची एक कुपी दहा जणांची. दोन ते आठ अंश तापमानात ती सांभाळायची आणि एकदा उघडली की चार तासांत संपवायची. शहरातल्या केंद्रावर दहा माणसं दहा मिनिटांत जमतात. पाड्यावर घरं टेकड्यांवर विखुरलेली. तीन माणसं तयार झाली आणि सात नाही म्हणाली, तर नर्सने काय करावं? कुपी उघडली तर सात डोस वाया आणि तो आकडा वर जाऊन राजकारणात वापरला जाणार. न उघडावी तर जे तिघं मन घट्ट करून आले ते रिकामे परतणार आणि पुन्हा येणार नाहीत. वाया गेलेल्या लसीच्या टक्केवारीवर मुंबई-दिल्लीत वाद चालू होता तेव्हा त्या टक्केवारीचं ओझं बर्फाच्या पेटीसकट अशा एखाद्या बाईच्या खांद्यावर होतं.

तिसरी लाट मोबाइलवरून आली, किंवा आलीच नाही. तरुणांना सुरुवातीला कोविनवर आगाऊ नाव नोंदवल्याशिवाय लस नव्हती. ते संकेतस्थळ मराठीत यायला जून उजाडला. रेंजसाठी टेकडी चढावी लागते अशा गावांना हा दरवाजा बंदच होता. त्याच दिवसांत मुंबईकडची माणसं गाड्या करून पालघरच्या आदिवासी भागातल्या केंद्रांवर नंबर लावत होती. आपल्यासाठी आली म्हणतात ती वस्तू आपल्यासमोर दुसरा घेऊन जातो, हे ज्यांनी पाहिलं त्यांना पुढे ‘ही लस तुमच्याच भल्यासाठी’ असं सांगणं किती अवघड झालं असेल!

म्हणून मला वाटतं, खरेदीची रीत सुईच्या आधी पोचते. ती बोलत नाही, पण लोक तिच्यावरून देणाऱ्याला जोखतात.

आणि जोखताना त्यांच्याजवळ जुनी वहीही असते. मणिबेली हे मोलगीच्याच अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात आधी गाठलेल्या गावांत ते होतं. या तालुक्यातली आणि शेजारच्या अक्राणीतली मिळून ३३ गावं त्या धरणाने बाधित झाली. सरकारी माणूस कागद घेऊन येतो, मोजणी करतो, तुमच्या भल्याचं आहे म्हणतो आणि मग पाणी चढतं, हे इथल्या एका पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. लसीचीही एक नोंद त्या वहीत, पलीकडच्या पानावर आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस एका प्रकल्पात दिली गेली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या, आणि तेव्हा वडोदऱ्यात असलेला कवांट तालुका तर नर्मदेपल्याडचाच. प्रकल्पातल्या सात मुली दगावल्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत असं निघालं. पण हेही निघालं की खम्ममला कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला. लस चांगली होती. विचारण्यात खोट होती. पुढच्या प्रत्येक लसीला त्या खोटीचं व्याज भरावं लागतं.

मग एवढी तूट असताना सातपुड्यात लस पोचली कशी? उसन्या पतीवर.

त्या वेळचे नंदुरबारचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः भिल्ल समाजातले, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. लोक केंद्रावर येत नाहीत म्हणून त्यांनी लसीच्या गाड्या गावांकडे पाठवल्या. नर्मदाकाठच्या गावांना आरोग्य पथकं बोटीने गेली. या बोटीच्या वाटेवर एक खूण आधीच उमटलेली होती. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीची एक अंगणवाडीसेविका, बाळं आणि गरोदर बाया आहाराला मुकू नयेत म्हणून, स्वतः होडी वल्हवत नदीकाठच्या पाड्यांवर जात होती. जाऊन येऊन १८ किलोमीटर. हात दुखायचे, तरी जायची. आता मला सांगा, त्या काठावर कुणी लस घेतली असेल तर ती कुणाच्या भरवशावर? कंपनीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि मंत्र्याचं नाव त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. मूल वजनात कमी भरलं तेव्हा ही बाई आली होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. तिची अनेक वर्षांची कमाई त्या एका दिवशी सरकारच्या कामी आली.

पाड्यापाड्यांवर आशाताईंनी हेच केलं. ‘मी घेतली, बघ मला काय झालं का?’ या एका वाक्यात प्रत्येकीने आपलं सगळं तारण ठेवलं. लस घेतल्यावर ताप येऊ शकतो हे आधी न सांगता सुई टोचली आणि रात्री अंग तापलं, तर सकाळी लोक तालुक्याला जाब विचारायला जात नाहीत, तिच्या दारात येतात. दोन दिवसांची मजुरी बुडाली तर तेही तिलाच ऐकावं लागतं. तिला त्याच पाड्यावर राहायचं असतं, पुढच्या बाळंतपणाला त्याच घरात जायचं असतं. आणि १५ जून २०२१ रोजी राज्यातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. आठवडाभराने १ हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता ठरला. हजारो कोटींची खरेदी ज्यांच्या शब्दावर शेवटच्या घरी पोचायची होती, त्यांच्या वाट्याला महिन्याला दीड हजारांची भर.

उसनी पत कुठवर पुरते, तेही दिसलं. २१ ऑक्टोबर २०२१ ला देशाने १०० कोटी डोसांचा टप्पा ओलांडला. एवढ्या मोठ्या देशात, नऊ महिन्यांत, बहुतांशी मोफत, हे काम फार मोठं होतं आणि त्याने असंख्य जीव वाचले. ते मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. पण ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी ज्या जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यांत नंदुरबार होता. पहिला डोससुद्धा निम्म्या लोकांपर्यंत न पोचलेल्या जिल्ह्यांची ती बैठक होती. अशा वेळी ‘लोक अडाणी आहेत’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. मला ते पटत नाही. अफवा होत्या, मरणाच्या होत्या, वांझपणाच्या होत्या. पण अफवा कोरड्या जमिनीत रुजत नाही. आधी कुणीतरी ओल करून ठेवलेली असते.

साथीच्या घाईत हिशेब मांडत बसायला वेळ होता का, असाही प्रश्न येईल. मला वाटतं, घाईतच हिशेब उघडा लागतो. वेळ असला की माणूस चुकतमाकत अनुभवाने ठरवतो. घाईत त्याला दुसऱ्याच्या शब्दावर जावं लागतं. मागणी केव्हा नोंदवली, माल किती आला, पुढचा कधी येणार, हे पहिल्या दिवसापासून तालुक्याच्या फलकावर लागलं असतं तर टंचाई टळली नसती. पण टंचाईला टंचाई म्हणता आलं असतं, आणि आशाताईला स्वतःला माहीत नसलेल्या गोष्टीची हमी द्यावी लागली नसती.

हिशेब निरक्षर माणसालाही वाचता यावा असा कसा मांडायचा, हे लसीच्याच दुनियेत आधी करून ठेवलेलं आहे. पोलिओच्या डोसाच्या कुपीवर एक बारीकशी खूण असते: गडद गोल, त्याच्या आत फिका चौकोन. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस द्यायची. दोन्ही एका रंगाचे झाले की टाकून द्यायची. कारखान्यातून निघून पाड्यावर पोचेपर्यंत त्या कुपीला एकूण किती उष्णता लागली, ते त्या चौकोनात उतरतं. अक्षर यायची गरज नाही. नर्सने कुपी हातावर धरून आईला दाखवली की आईलाही तेवढंच दिसतं जेवढं नर्सला.

खरेदीच्या हिशेबाला असा चौकोन हवा. मोलगीच्या दवाखान्याच्या भिंतीवर, पावरी-भिलोरीत वाचून दाखवता येईल असा: एवढ्या कुप्या आल्या, एवढ्या उघडल्या, एवढ्या वाया गेल्या, पुढच्या अमुक दिवशी येतील, ताप येऊ शकतो, तो बहुधा दोन दिवसांत उतरेल. हे फार खर्चाचं काम नाही. पण दर वेळी, साथ नसतानाही, केलं पाहिजे. कारण उसनं फेडायचं ते दोन ठिकाणी: आशाताईच्या मानधनात, आणि तिच्या शब्दाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या उघड्या हिशेबात.

पुढची लस येईल तेव्हा बाई पुन्हा काट्याकडे बघेल. बघू द्यावं तिला. काटा तिच्याकडे तोंड करून ठेवावा.