मार खाल्लेला चेहरा

हॉलिवूडने निवृत्त बॉक्सरला काम दिले नाही असे म्हणता येणार नाही. फक्त ते काम बहुतेकदा त्याच्या नाकाला आणि कानाला मिळाले. चपटे झालेले नाक, सुजून गोळा झालेला कान आयता मिळत असेल तर कोणत्या निर्मात्याला नको असतो? १९५४च्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये गोदीवरच्या गुंडांत टोनी गॅलेंटो, एब सायमन आणि टॅमी मॉरिएलो दिसतात. तिघेही जगज्जेतेपदासाठी जो लुईसशी लढलेले. इथे मात्र नुसते धिप्पाड देह. मॅक्सी रोझेनब्लूम १९३२ ते १९३४ या काळात लाइट हेवीवेटचा जगज्जेता होता. पडद्यावर त्याच्या वाट्याला वारंवार आला तो डोक्याला मार बसून भ्रमिष्ट झालेला विनोदी बॉक्सर. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८मध्येच दाखवून दिले होते, की अशी अडखळती चाल आणि मंदावलेली बुद्धी ही मेंदूच्या दुखापतीची लक्षणे असू शकतात. थिएटरात लोक त्यांनाच हसत होते.

या रांगेत कॅनडा ली बसत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०७ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा आधी व्हायोलिन शिकला, मग घरातून पळून जाऊन जॉकी झाला. अंगाने वाढल्यावर घोडे सुटले आणि त्याने बॉक्सिंगचे हातमोजे चढवले. रिंगमध्ये बसलेल्या ठोशाने नेत्रपटल सुटले, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. नंतर तो नाटकात शिरला. ऑर्सन वेल्सने १९३६मध्ये हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नटांना घेऊन ‘मॅकबेथ’ केले, त्यात ली बँको होता. १९४१मध्ये ब्रॉडवेवर ‘नेटिव्ह सन’मधला बिगर थॉमस त्याने उभा केला, तोही वेल्सच्याच दिग्दर्शनाखाली.

‘आयुष्याने शिकवले, म्हणून अभिनय खरा’ हे वाक्य अशा नटांबद्दल सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. गॅलेंटोने रिंगमध्ये काय कमी सोसले होते? लीपाशी रंगभूमीवर घटवलेला आवाज होता, आणि ‘बॉडी अँड सोल’मध्ये (१९४७) त्याला माणूस म्हणून लिहिलेली भूमिका मिळाली. तिचे श्रेय पटकथाकार अब्राहम पोलॉन्स्कीलाही द्यायला हवे. लीने साकारलेला बेन हा विजेता. त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ आहे. पैसे लावणाऱ्यांना ते ठाऊक असूनही त्याला लढायला उतरवले जाते. त्याचा किताब जिंकणारा चार्ली, म्हणजे जॉन गारफिल्ड, पुढे त्यालाच आपल्या सरावासाठी ठेवून घेतो. सूत्रधार रॉबर्ट्स बेनला हाकलायला येतो, तेव्हा बेन त्याच्यापुढे वाकत नाही. सरावाच्या रिंगमध्ये तो एकटाच हवेत ठोसे मारत सुटतो आणि कोसळतो. रोझेनब्लूमच्या ज्या अडखळण्यावर हशा पिकायचा, त्याचा शेवट कशात होतो हे इथे दिसते. डोळा गमावलेल्या बॉक्सरने ते दाखवावे, याला मी त्याची साक्ष म्हणेन.

त्यानंतर फार काही करायला त्याला मिळाले नाही. कम्युनिस्टांचा हस्तक असल्याचा संशय त्याच्यावर आला. त्याने इन्कार केला, तरी अशा संशयितांना काम नाकारणाऱ्या काळ्या यादीत तो गेला आणि रेडिओ-टेलिव्हिजनचे दरवाजे बंद झाले. शेवटचा चित्रपट, ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’, दक्षिण आफ्रिकेत झाला. ९ मे १९५२ रोजी, ४५व्या वर्षी, ली गेला. त्याच काळ्या यादीने पोळलेला गारफिल्ड बाराच दिवसांनी वारला, अवघ्या ३९व्या वर्षी.

‘बॉडी अँड सोल’ची चर्चा निघाली की छायालेखक जेम्स वाँग हाउने रोलर स्केट्सवर सरकत टिपलेल्या शेवटच्या लढतीबद्दल लोक बोलतात. ती पाहाच, पण त्याआधीचे बेनचे दृश्य पुढे ढकलू नका.