दोन क्रेडिटांचा इतिहास

चि. मधुरा,


बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि कॉलेज म्हणतं, ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलाच हवा, म्हणून तू फोनवर वैतागली होतीस. मैत्रिणी ‘स्कोअरिंग’ विषय शोधताहेत आणि यादीतल्या इतिहासाकडे कुणी बघतही नाही. बॅलन्स शीट शिकणाऱ्या मुलीला इतिहास कशाला, हा तुझा प्रश्न.

नाशिकलाच राहतेस, म्हणून तिथलंच सांगते. पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, त्यानं ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले: २,००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच वापरायचं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आता हिशोब कर. २,००० वर वर्षाचं व्याज २४०, आणि वीस बारे २४०. चोख जुळतं! हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला, फलकावर नोंदला गेला, असंही लेखात आहे.

इथवर तुझं वाणिज्य पुरतं. पण पैसे विणकरांकडे का ठेवले? राजाच्या जावयाला त्यांचा एवढा भरवसा कसा वाटला? दोन श्रेणींचे दर वेगळे का? शिवाय हा लेख दात्यानं स्वतःच कोरवून घेतलाय, मग त्यातलं किती मानायचं? तू व्हाउचर तपासतेस. इतिहासाचा विद्यार्थी व्हाउचर लिहिणाऱ्यालाही तपासतो आणि पुरावा जिथे संपतो तिथे थांबतो. ही सवय कॉमर्सच्या पेपरांत लागणार नाही, आणि उद्या एखाद्या कंपनीचा अहवाल वाचताना तुला तीच लागेल.

दोन शाखा एकत्र आल्या की काय होतं, ते गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींकडे बघ. ते हार्वर्डला शिकत होते तेव्हा त्यांनी गणितावरच लक्ष द्यावं, असं प्रा. बर्कॉफ यांना वाटे. कोसंबींनी मात्र कितीतरी वेगवेगळे विषय घेतले आणि १९२९ साली पदवी मिळवली. पुढे पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवताना त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणून वजनांच्या संख्याशास्त्रावरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवलं. निव्वळ गणिती त्या नाण्यांकडे वळला नसता, आणि निव्वळ इतिहासकाराला ते गणित सुचलं नसतं.

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सामान्य शिक्षण मिळावं, हे राधाकृष्णन आयोगानं १९४९ सालीच सांगितलं होतं. ते आता क्रेडिटांच्या रूपानं तुमच्यापर्यंत पोचतंय, तेही अर्धंमुर्धं. जो विषय वेळापत्रकात बसेल तोच यादीत येतो, ही तुझी तक्रार खरी आहे आणि मला तिचं वाईट वाटतं. तरीही दोन क्रेडिट म्हणजे तीस तास दुसऱ्या शाखेच्या शिक्षकासमोर बसायला मिळतंय. नोकरीला लागल्यावर अशी मुभा तुला कोण देणार आहे?

फॉर्मची मुदत संपायच्या आत इतिहासाच्या बाईंना भेट. त्या मुलांकडून मूळ लेख वाचून घेतात की नोट्स उतरवून देतात, एवढं विचार. नुसत्या नोट्सच असतील तर इतिहासाचा हट्ट मी धरणार नाही. भूगोलाचे सर कसे शिकवतात त्याची चौकशी कर आणि मला कळव.

तुझी,
आत्या