चाळीस पेशंट, पंचवीस पेशंट

एका दवाखान्यात दोन डॉक्टर बसत असले, की कोण कसं आहे ते पेशंटांना लवकरच कळतं. पहिल्यांचा हात चलाख. घसा बघितला, छाती तपासली, चिठ्ठी हातात, नेक्स्ट. दुसऱ्या मॅडम. त्यांच्याकडे वेळ लागतो, पण त्या ‘ऐकून घेतात’. सकाळच्या ओपीडीत पहिल्यांचे चाळीस होतात तोवर मॅडमचे पंचवीस. महिनाअखेरीस हिशेबाला बसल्यावर तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण मनात धुसफूस असते. चाळीस मी काढायचे आणि जागेचं भाडं, कंपाउंडरचा पगार मात्र निम्मा निम्मा!

तक्रार वरवर रास्त आहे. पण ती पेशंट मोजते, काम मोजत नाही.

ज्याला नुसता सर्दी-ताप आहे, ऑफिस गाठायचं आहे, तो आपणहून पहिल्यांकडे नंबर लावतो. ज्याचं दुखणं सांगायलाच पाच मिनिटं लागतात, तो मॅडमसाठी तासभर बाकावर बसून राहतो. म्हणजे ऐकून घेणाऱ्याकडे सांगण्यासारखं खूप असलेलेच गोळा होतात. मग त्या आणखी सावकाश होतात, आणि ‘स्लो’ हा शिक्का पक्का बसतो. दोघांपुढची रांग एकसारखी कधी नसतेच.

साठीच्या एक बाई प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट काढतात. साखर वाढलेली. का वाढली, ते कागदावर नसतं. गोळ्या महिनाभर पुराव्यात म्हणून त्या दिवसाआड घेतात, हे तिसऱ्या प्रश्नाला बाहेर येतं. बीपी जास्त लागतं, म्हणून थोडं बसवून पुन्हा बघायचं. एवढं झाल्यावर, उठून दाराशी पोचल्यावर, “जिना चढताना छातीत जरा जड वाटतं, गॅसेसच असतील.” खरा आजार पुष्कळदा असा दारातच कळतो. तोवर बेल वाजवलेली असेल, तर तो बाईंबरोबर घरी जातो.

आणि तिसऱ्या दिवशी परत येतो. रजिस्टरात मात्र तो नवा नंबर असतो. जे पहिल्या खेपेला सुटलं, त्याचा आकडा दुसऱ्या खेपेला वाढतो. तेव्हा मोजणी झटपट डॉक्टरांच्याच बाजूने झुकते. बाई दुसऱ्या खेपेला मॅडमकडे गेल्या, तर एकाचं राहिलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात.

पहिल्यांना खलनायक करण्याचं मात्र कारण नाही. पावसाळ्यात तापाची साथ आली, की रांग फुटपाथपर्यंत जाते. तेव्हा चाळीस काढणारा हात नसेल, तर तापाने फणफणलेलं पोर बाहेरच ताटकळणार. शिवाय वीस वर्षं दवाखाना चालवलेली नजर पेशंट खुर्चीत बसता बसताच बरंच टिपते. आपल्याकडे घाई हा काही एकट्यादुकट्याचा स्वभावही नव्हे. 67 देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये एका पेशंटला सरासरी 22 मिनिटं मिळत होती, भारतात जेमतेम दोन.

2020 मध्ये अमेरिकेतली एक मोठी पाहणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. एकाच दवाखान्यातल्या स्त्री आणि पुरुष डॉक्टरांची तुलना केली, तर स्त्रियांनी वर्षाला सुमारे 11 टक्के कमी पेशंट तपासले होते, उत्पन्नही तेवढंच कमी आणलं होतं. पण पेशंटसमोर घालवलेला त्यांचा एकूण वेळ किंचित जास्तच भरला. नवरा-बायको दोघं डॉक्टर असलेले दवाखाने आपल्या गावोगावी आहेत. त्यातल्या बाईंना हे ऐकून नवल वाटणार नाही.

ब्रिटनमधल्या काही दवाखान्यांत प्रत्येक डॉक्टरच्या नावावर स्वतःचे पेशंट असतात. घाईत सुटलेलं त्याच्याच टेबलावर परत येतं आणि निस्तरायचंही त्यानेच. माझ्या मते वाटणीची ही बरीच प्रामाणिक रीत. फक्त डॉक्टर रजेवर गेला, की गाडी अडते. आणि आपला पेशंट कुणाच्या नावावर बांधून राहील, ही शक्यता तशी कमीच.

आपल्याकडे ही वाटणी कंपाउंडर करतो. रिपोर्टांची पिशवी दिसली, की तो मॅडमकडे नंबर लावतो, पण लागोपाठ तीन पिशव्या आत सोडत नाही. मध्ये एखादा खोकला सरकवतो. बाकावरचा एखादा माणूस घामाघूम दिसला, की सगळे नंबर मोडून त्याला आधी आत घालतो. दोन्ही डॉक्टरांच्या कामाचा तोल खरं तर त्याच्या हातात असतो, आणि महिनाअखेरच्या हिशेबात तो असतो भाड्याच्या खालच्या ओळीत, खर्चाच्या बाजूला.