निवडलेले पूर्वज, लादलेले पूर्वज

आपला भूतकाळ आपल्याला निवडता येतो का, आणि निवडला तर त्याचा हिशेबही द्यावा लागतो का, हा प्रश्न मराठी मुसलमानाला पुस्तकात भेटत नाही. तो शाळेत, इतिहासाच्या तासाला भेटतो. अफजलखानाचा धडा सुरू झाला की वर्गातल्या चार माना एका बाकाकडे वळतात. त्या बाकावरच्या पोराचा आजा कोकणात होडी वल्हवत होता की सोलापुरात मागावर बसत होता, याच्याशी त्या वळणाऱ्या मानांना देणेघेणे नसते. पूर्वज त्याच्यावर लादला जातो आणि पुढे जन्मभर त्याने खुलासे देत राहावे अशी अपेक्षा असते.

हाच प्रश्न आम्हाला 2023 च्या उन्हाळ्यात एका तंबूंच्या गावात उलट्या बाजूने पाहायला मिळाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्लिपरी रॉक या गावाजवळ ‘पेन्सिक वॉर’ नावाचा मेळावा भरतो. तो भरवणाऱ्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ या संस्थेचा उगम 1966 साली कॅलिफोर्नियातील बर्कली इथे, एका घराच्या परसात झालेल्या मध्ययुगीन थाटाच्या समारंभात झाला. पेन्सिकची सुरुवात 1972 ची. आता तिथे सुमारे दहा हजार माणसे राहुट्या ठोकतात. अंगावर सतराव्या शतकापूर्वीच्या धर्तीचा पोशाख हवा, एवढी अट. तलवारी वेताच्या, शिरस्त्राण मात्र खरे. हरणाऱ्याने पिट्सबर्ग शहर पदरात घ्यावे, असा तिथला जुना विनोद आहे. नोकरीनिमित्त तिकडे राहणारे आम्ही पाचजण एका अमेरिकन मित्राच्या आग्रहावरून तीन रात्री त्या छावणीत राहिलो.

तिथे प्रत्येकजण आपल्यासाठी एक जुने नाव घेतो. कुणी व्हायकिंग, कुणी जपानी, कुणी अंदलूसचा व्यापारी, कुणी तुर्की सरदार. इतिहासात होऊन गेलेल्या खऱ्या माणसाचे सोंग मात्र घेता येत नाही. राजघराण्यातला जन्मही कल्पून चालत नाही. जो स्पर्धेची लढत जिंकेल तो काही महिने राजा, मग पायउतार. रक्ताच्या अभिमानावर आणि रक्ताच्या डागावर एकाच वेळी बोळा फिरवणारे हे नियम आम्हाला फार आवडले. आमच्यातल्या एका मित्राची बायको, आमची भाभी, रोजच्यासारखा डोक्याला स्कार्फ बांधून हिंडत होती. दिवसभरात तीनजणींनी तिला विचारले, “किती छान! स्वतः शिवलात का?” भाभी हसून म्हणाली, “एवढ्या माणसांत सोंग न घेतलेली मी एकटीच, आणि कौतुक माझ्याच सोंगाचं!” हाच स्कार्फ बाजारात कपाळावर आठ्या आणतो. तेव्हा लोकांना खुपते ते कापड नसते. ते बांधणारी आजच्या काळात शेजारी राहते, हे खुपते.

पण त्या गावाची एक उणीव लवकरच जाणवू लागते. मध्ययुग जसे असायला हवे होते तसे आम्ही जगतो, असे तिथली मंडळी आवडीने सांगतात. सगळे सभ्य, सगळे मानकरी. पखाल वाहणारा, वेठीला धरलेला, बाजारात विकला गेलेला माणूस त्या छावणीत कुणी होत नाही. वास्तविक मध्ययुगातली बहुसंख्य माणसे तीच होती. हबशी मुलखातला मलिक अंबर एकाहून अधिक वेळा विकला गेला आणि दख्खनमध्ये आला. पुढे निजामशाहीचा कारभार त्याने हाती घेतला, 1610 मध्ये खडकी शहर वसवले, 1624 च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही फौजांना हरवले. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. अशा माणसाचे वैभव घ्यायचे आणि त्याच्या विक्रीची पावती फाडून टाकायची, हा खेळ फक्त अमेरिकेत चालत नाही.

आपल्याकडेही तो चालतो. कॉर्डोव्याची ग्रंथालये आपली, ताजमहाल आपला. मग अंदलूसमधला गुलामांचा बाजार कुणाचा? आणि भावांच्या रक्तातून तख्तापर्यंत गेलेला शहाजादा कुणाचा? बादशहाच्या जुलमाचा जाब आम्हाला विचारू नका, हे म्हणणे न्यायाचेच आहे. एकाचे ओझे दुसऱ्याने वाहायचे नाही, हे तर आपल्या धर्माने शिकवले आहे. पण मग त्याच बादशहाच्या मिरवणुकीत झेंडा घेऊन आपल्याला चालता येणार नाही. पूर्वजाच्या नफ्यात वाटा मागणाऱ्याने तोट्याच्या वहीवरही सही करावी. हे जेवढे आपल्याला लागू, तेवढेच वर्गात मान वळवणाऱ्यांनाही.

त्या लढायांचा आणखी एक नियम सांगण्यासारखा आहे. वार बसला की नाही, हे ज्याला लागले त्यानेच सांगायचे. मारणाऱ्याच्या शब्दावर निकाल लागत नाही. लागले असूनही न लागल्याचा आव आणणाऱ्याची अब्रू जाते, आणि म्हणून खेळ टिकतो. आपल्या सार्वजनिक जीवनात मात्र घाव घालणाराच ठरवतो की समोरच्याला काही लागलेलेच नाही. आणि ज्याला आज लागले आहे, त्याच्याकडून चारशे वर्षांपूर्वीच्या घावाची भरपाई मागितली जाते.

मग भूतकाळाशी नाते ठेवायचेच नाही का? ठेवायचे, पण रक्ताने मिळणारे नाही, कामाने मिळणारे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. त्यांना आपला पूर्वज म्हणायला वंशावळीचा पुरावा लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. त्यांचा ग्रंथ घरात असावा लागतो आणि तो उघडावा लागतो. आपल्यापैकी किती घरांत तो आहे?